तिकोनी काच

संपादकांना लेख हवा होता चोरांवर. उभ्या गाडीची काच फोडायची, मागच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग उचलायची आणि समोरच्या टपरीवरच्या गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत पसार व्हायचं, ही पुण्यातली जुनीच तऱ्हा. त्यात नवं काय ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मी चोरांपर्यंत पोचलेच नाही. काच फुटलेला माणूस पोलिसांत तक्रार देऊन झाली की नाना पेठेची वाट धरतो, म्हणून मी आधी तिकडे गेले आणि तिथल्या एका काचवाल्या चाचांचं काम बघत बसले.

नाना पेठ म्हणजे पुण्याचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. चाचांचं दुकान त्यातल्या त्यात अरुंद. दोन्ही भिंतींना लाकडी घोडे, घोड्यांत उभ्या लावलेल्या काचा, दोन काचांच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी. काच आडवी ठेवायची नाही हा इथला पहिला नियम, आणि काचेची कड फरशीला टेकवायची नाही हा दुसरा. गाडी दुकानात मावत नाही, त्यामुळे सगळं काम रस्त्याच्या कडेला चालतं. रिक्षावाले हॉर्न वाजवत जातात. गाडीचं दार सताड उघडं असतं आणि आत चाचा गुडघ्यांवर बसलेले.

मी गेले त्या दिवशी ते एका हॅचबॅकच्या मागच्या दारावर होते. फुटली होती ती मोठी, खाली-वर होणारी काच नव्हे. तिच्या मागची, कधीच न उघडणारी छोटी. बाजारात तिला कोणी क्वार्टर म्हणतं, कोणी तिकोनी. ही काच मुळात का असते, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. चाचांनी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर टिचकी मारून दाखवलं. मागच्या चाकाची कमान तिथे दारात शिरलेली असते. वरून दार जेवढं रुंद, तेवढी काच सरळ खाली उतरवायला पोटात जागाच नसते. म्हणून काचेचे दोन भाग करायचे: पुढचा उतरणारा, मागचा कायमचा बंद, आणि दोघांच्या मध्ये एक उभी दांडी. इनोव्हा किंवा एर्टिगासारख्या लांब गाड्यांत शेवटच्या सीटशेजारची काच दारात नसतेच. ती थेट बॉडीला चिकटवलेली असते. तिचं गणित वेगळं, त्याकडे येऊच.

काच लहान म्हणजे स्वस्त, असा चोराचा समज असावा. मालकाचा तर असतोच. दर ऐकला की मालक चाचांकडे संशयाने बघू लागतो. कारण पुष्कळ गाड्यांत ही तिकोनी मोठ्या काचेपेक्षा महाग पडते. मोठी काच म्हणजे नुसती काच. तिकोनीच्या कडेने रबर किंवा प्लास्टिक साच्यात ओतून तिच्याशी एकजीव केलेलं असतं. डावी वेगळी, उजवी वेगळी, मॉडेलचा चेहरा बदलला की पुन्हा वेगळी. शिवाय खपते किती? समोरची काच दगड उडून फुटते, दाराची धडकेत जाते. तिकोनी बहुतेक वेळा चोरच फोडतो. दुकानदार अशी काच भरून ठेवत नाही, मागवून घेतो.

मग मोठ्या काचेतून कापून का नाही काढत? हा प्रश्न गिऱ्हाईक नेमाने विचारतं आणि चाचा नेमाने हसतात. गाडीच्या बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात. काच आधी हव्या त्या आकारात कापायची, कड घासायची, मग भट्टीत सव्वासहाशे-साडेसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारायचे. वरचा थर झटक्यात थिजतो. आतला भाग मागाहून थंड होताना आकसायला बघतो, पण वरचा थर त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कायमची अडकून राहते. पृष्ठभाग दाबाखाली, पोट ताणाखाली. म्हणून साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत. पण कुठेही, कितीही बारीक चीर त्या ताणलेल्या पोटापर्यंत गेली, की सगळी काच एका क्षणात सुटते. तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. काच कापायची हिरकणी चालवली की हातात खडीसाखरेसारखे खडे उरतात.

असे खडे व्हावेत हीच तर योजना आहे. लांब पात्यासारखे तुकडे झाले तर अपघातात मानेत घुसतील. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या वाहन-काच नियमावलीत फुटलेल्या टफन काचेवर पाच सेंटिमीटरचा चौकोन ठेवून तुकडे मोजायला सांगितले आहेत. ते निदान ४० भरायला हवेत. आपल्याकडे भारतीय मानक २५५३ चा दुसरा भाग गाड्यांच्या काचेसाठी आहे. माणसाला इजा होऊ नये म्हणून केलेल्या या सोयीचा चोरालाही फायदा होतो. काच हाताला फारशी न कापता, आवाजही बेताचाच करून खाली पडते.

इतिहास मी वाचून गेले होते, तो थोडक्यात सांगते. तापलेली काच बुडवून टणक करण्याची युक्ती फ्रान्सच्या द ला बास्ती याने १८७४ मध्ये पेटंट केली. तो तेलात बुडवायचा. समोरच्या काचेची, म्हणजे दोन काचांमध्ये पापुद्रा घालून जोडलेल्या लॅमिनेटेड काचेची, कथा एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाची. १९०३ मध्ये त्याच्या हातून चंचुपात्र पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही, आणि १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याच्या आगेमागे, १९०८ मध्ये, आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेल्या निधीतून. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील झाले. आज तळेगावापासून फारशा लांब नसलेल्या चाकणला आणि इकडे भोसरीला सेंट-गोबेन सेक्युरिटचे गाड्यांच्या काचांचे कारखाने आहेत, तळोज्याला असाही इंडियाचा काच कारखाना. नाना पेठेतला बराचसा माल अशाच नावांचा. चाचांना या वंशावळीत काडीचा रस नाही. त्यांना काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचायचा असतो, तो कशासाठी हे मला शेवटी कळलं.

ते रमतात दांडीत. आणि मीही तिथेच अडकले.

दाराचं पॅड काढल्यावर आत प्लास्टिकचा कागद दिसतो. पावसाचं पाणी सीटवर येऊ नये म्हणून कंपनीने चिकटवलेला. घाईचा मेकॅनिक तो टराटरा फाडतो. चाचा तो वरच्या कोपऱ्यातून हळू सोडवतात आणि खाली लोंबता ठेवतात, म्हणजे त्याचा काळा डिंक धूळ खात नाही. मग मोठी काच अर्ध्यावर आणून तिला वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरपासून सोडवायची आणि दाराच्या पोटात खाली टेकवायची. आता दांडी मोकळी दिसते. पत्र्याची उभी खाच, म्हणजे चॅनेल. पुढच्या अंगाने तिच्यातून मोठी काच सरकते, मागच्या अंगाला तिकोनीचं रबर टेकतं. वर एक स्क्रू, बीडिंगच्या ओठाखाली लपलेला. खाली एक बोल्ट. दोन्ही काढले की दांडी हलायला हवी. ती हलत नाही. वर्षानुवर्षांची धूळ आणि रबर यांनी तिला धरून ठेवलेलं असतं. तिला मागे-पुढे डोलवत, थोडी पिळत, पुढे झुकवून वर काढायचं, आणि हे करताना दाराच्या काठाच्या रंगावर ओरखडा उठू द्यायचा नाही. चाचा काठावर आधी जाड कापडी टेप लावतात. मग तिकोनीचं फुटकं रबर बोटांनी पुढे ओढून काढतात. तिथले काचेचे खडे मी पाहिले होते, म्हणून हातमोजे का नाहीत असं विचारलं. “मोज्यातून चॅनेल कळत नाही, ताई.” त्यांची बोटं त्या मानाने बरीच धड आहेत.

नवी काच मागच्या कोपऱ्यात दाबून बसवायची, रबराला साबणाचं पाणी लावून. तेल किंवा ग्रीस नाही. तेलाने हे रबर फुगतं आणि पुढच्या उन्हाळ्यात सैल पडतं. मग दांडी परत. इथे खरी परीक्षा. अनेक गाड्यांत खालच्या बोल्टचं भोक लांबट ठेवलेलं असतं, म्हणजे दांडी थोडी पुढे-मागे करता येते. ती जास्त पुढे आली तर मोठी काच खाचेत आवळते, वर येताना रडते, मोटर तापते. मागे राहिली तर तिकोनी दबते आणि मोठी काच दार आपटलं की खडखडते. यासाठी माप कुठेही लिहिलेलं नाही. चाचा बोल्ट अर्धा कसतात, बटण दाबून काच वर घेतात, मोटरचा आवाज ऐकतात, पाव फेरा सोडतात, पुन्हा घेतात. रस्त्यावरच्या त्या गोंगाटात त्यांना मोटरच्या सुरातला फरक ऐकू येतो. मी कान लावून बसले, मला काही आला नाही. मग अचानक ते बोल्ट पूर्ण कसून पाना पिशवीत टाकतात. काम झालं हे त्यावरून समजायचं.

त्यांनी धंदा शिकला तेव्हा गाड्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडर होत्या. पद्मिनीच्या पुढच्या दाराला तिकोनी होती, पण उघडणारी: छोटी खिटी फिरवली की कुशीवर वळायची आणि वारा थेट तोंडावर. चोर तीच गाठायचे, काच न फोडता खिटी उचकटून. काच सपाट; कागदावर आकार काढला, साधी काच कापून कड घासली, आणि टफन करायला भट्टीवर दिली की झालं. समोरच्या काचा रबरात बसायच्या. त्यासाठीची दोरीची युक्ती चाचांनी मला एका जुन्या टेम्पोवर दाखवली. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत सुतळी फिरवायची, दोन्ही टोकं गाडीत सोडायची. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायचं. सुतळी निघत जाते तसतसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो. ना गोंद, ना स्क्रू. हवी तेव्हा काढा, हवी तेव्हा बसवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ही दोरी आता जुने ट्रक-टेम्पो आणि हौशी लोकांच्या गाड्यांपुरती उरली आहे. मला ती युक्ती इतकी आवडली की संपादकांना वेगळा लेख देऊ का, असं विचारून पाहिलं. ते नको म्हणाले.

आता काच चिकटते. लांब गाड्यांची तिकोनी पॉलियुरेथेन सीलंटवर उभी असते. काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नाही; सीलंटवर ऊन पडलं तर ते कुजतं, म्हणून काचेवरच भाजलेली ती सावली आहे. जुनं सीलंट पातळ सुरीने किंवा तारेने कापायचं, पण सगळं खरवडायचं नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर पत्र्यावर ठेवायचा, नवं सीलंट त्यालाच सर्वांत घट्ट धरतं. नळीचं तोंड तिरकं, त्रिकोणी कापायचं, म्हणजे धार उंच आणि सलग पडते. सीलंट हवेतला दमटपणा पिऊन घट्ट होतं. म्हणून पुण्याच्या कोरड्या मार्चपेक्षा श्रावणात लवकर, पण तेव्हा पत्रा ओला राहायची भीती. दिवसाला तीन-चार मिलिमीटर एवढाच त्याचा वेग. काच टेपने धरून ठेवायची, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दार आपटायचं नाही. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ताज्या काचेला बाहेर ढकलते.

अडचणी विचारल्या तेव्हा मला वाटलं होतं चाचा दोन-चार सांगतील. त्या संपेचनात.

पहिली, खडे. काच फुटल्यावर ते सीटच्या शिवणीत, दाराच्या पोटात, चटईखाली आणि सीटबेल्टच्या डबीत जातात. मालक सीटवरचे झाडून टाकतो. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, खडे ती बुजवतात. पाऊस पडला की दारात पाणी डुचमळतं आणि दोन पावसाळ्यांत दार खालून गंजतं. बेल्टच्या डबीतला खडा बेल्टची कड कुरतडतो. म्हणून नवी काच येईपर्यंत पॅड काढून व्हॅक्यूम मारायचा, हे काम चाचा काच बसवण्यापेक्षा जास्त वेळ करतात आणि त्याचे पैसे वेगळे सांगायला लाजतात. मला वाटतं त्यांनी लाजू नये.

दुसरी, चुकीची काच. नंबर प्लेट सांगून काच मागवता येत नाही. चासी नंबर लागतो. तेच मॉडेल, तेच वर्ष, पण वरच्या दर्जाच्या गाडीत काचेत अँटेना, खालच्यात नाही. एकीची झाक हिरवट, दुसरीची करडी. बंद पडलेल्या मॉडेलची नवी काच येतच नाही, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून शोधून आणायची. भंगारातल्या चिकटलेल्या काचेची गंमत अशी की ती मोडीत निघालेल्या गाडीतून अखंड काढणं हेच कौशल्य. तारेने घाई केली की कडेला चिमूटभर टवका उडतो, आणि टवका उडालेली टफन काच कधीतरी, उन्हात उभ्या गाडीत, कोणी हात न लावता फुटू शकते.

तिसऱ्या अडचणीबद्दल बोलताना चाचांचा आवाज चढतो: सिलिकॉन. आधी कोणी तरी बाथरूमला लावायच्या सिलिकॉनने काच बसवून दिलेली असते, निम्म्या पैशांत. ते सिलिकॉन रंगाला नीट धरत नाही, आणि त्यातल्या आंबूस वासाच्या जातीतून निघणारं ॲसिड उघड्या पत्र्याला खातं. त्याहून वाईट म्हणजे एकदा सिलिकॉनचा ओशट थर लागला की पुढे चांगलं सीलंटही तिथे चिकटत नाही. तो थर खरवडताना रंग जातो, रंग गेला तिथे प्रायमर लावायचा, प्रायमर सुकायला वेळ. गिऱ्हाईक समोर घड्याळ बघत उभं.

नव्या गाड्यांत आणखी एक भीती आहे. ज्या खांबाचं प्लास्टिक उचकटल्याशिवाय चिकटवलेली तिकोनी निघत नाही, त्याच खांबाच्या वरून पडद्याची एअरबॅग गेलेली असते. बॅटरीची निगेटिव्ह काढून थांबायचं, क्लिपा कंपनीच्याच नव्या लावायच्या. जुनी सैल क्लिप लावली आणि एअरबॅग उघडली, तर ते प्लास्टिकच उडून लागायचं. चाचांच्या पुतण्याला हे माहीत आहे, चाचांना त्याने सांगितलं. पूर्वी शिकवण्याची दिशा उलटी होती. चाचा एअरबॅगवाल्या गाड्या आता त्याच्याकडे ढकलतात आणि स्वतः दांडीवाल्या घेतात. दांडीवाल्या कमी होत चालल्या आहेत.

विम्याचं विचारलं तर चाचा हात झटकतात. पण तो भाग मालकांनी नीट वाचायला हवा. गाडीच्या विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर मात्र निम्मा कापतात. साच्यात रबर ओतलेली तिकोनी यातली कशात धरायची, यावर सर्व्हेयरशी घासाघीस होऊ शकते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये, त्यावरच्या गाडीला दोन हजार, मालकाचेच. आणि एवढ्याशा काचेसाठी क्लेम केला की वर्षानुवर्षं साठवलेली, ५० टक्क्यांपर्यंत चढलेली नो-क्लेम सूट शून्यावर येते. लॅपटॉप तर साध्या पॉलिसीत मोजलाच जात नाही. त्यामुळे बहुतेक जण रोख देऊन मोकळे होतात.

पूर्वी बाजूच्या काचांना काळी फिल्म असायची. ती असताना बॅग दिसायची नाही आणि काच फोडली तरी फिल्म खड्यांना धरून ठेवायची, असं चाचांचं मत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा दुकानात फिल्म काढून घ्यायला रांग लागली होती म्हणे. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत यायला हवा हा नियम त्याआधीपासूनचा. चाचांना न्यायालयाचा राग नाही. बॅग सीटवर ठेवून जेवायला जाणाऱ्यांचा आहे.

आता त्या छापाविषयी. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, मानकाची खूण आणि बारीक आकडा-ठिपके असतात. आकडा वर्षाचा, ठिपके महिन्याचे, वाचायची रीत कंपनीगणिक वेगळी. एका गाडीच्या सगळ्या काचा साधारण एकाच सुमाराच्या असतात. जुनी गाडी घेणारा दलाल आधी बॉनेट उघडत नाही, गाडीभोवती फिरून हे छाप वाचतो. एक काच चार वर्षांनी धाकटी निघाली की तो अपघात धरतो आणि भाव पाडतो. चोरीत फुटली होती, हे मालकाने कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. म्हणून चाचा साध्या पावतीपुस्तकावर गाडीचा नंबर, तारीख, डावी की उजवी, आणि ठळक अक्षरांत ‘चोरीत फुटली’ असं लिहून देतात. पोलिसांच्या तक्रारीची प्रत सोबत लावून गाडीच्या कागदांतच ठेवा, असं बजावतात. त्या हॅचबॅकच्या मालकाने पावती दुमडून खिशात घातली, तेव्हा चाचांनी ती परत मागून घेतली आणि स्वतः उठून ग्लोव्ह बॉक्समध्ये, आरसीच्या पाकिटात ठेवली.